वाचक विचारतात: वर्गाची साइट एक, लिहिणारे अठ्ठावीस

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात आणि लगेच प्रकल्पांची घाई सुरू होते. या वेळच्या टपालात बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत: गूगल साइट्सवर वर्गाची फुकटातली साइट काढायची आणि ती मुलांकडून लिहून घ्यायची. त्यातले निवडक प्रश्न इथं घेतले आहेत. बटणांची नावं इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

प्रश्न: आठवीचे २८ विद्यार्थी आहेत, गट पाच. विषय ‘आमच्या गावचा मामा तलाव’ (मामा म्हणजे माजी मालगुजारी). साइट मी काढली आणि प्रत्येक गटातल्या एकाला एडिटर केलं. आठवडाही झाला नाही तर पाळ-सांडव्याचं अख्खं पान गायब! शिवाय मुलांच्या मोबाईलवर साइट दिसते, पण लिहिता येत नाही. काय करू?
— शिक्षिका, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर: आधी पान परत आणा. संगणकावर साइट एडिटरमध्ये उघडा. वर उजवीकडे ‘पब्लिश’जवळ तीन ठिपके आहेत, त्यात ‘व्हर्जन हिस्टरी’ सापडेल. उजव्या बाजूला तारीख-वेळेनुसार जुन्या आवृत्त्यांची यादी उघडते. पान शाबूत असलेली शेवटची आवृत्ती निवडा, पण लगेच ‘रिस्टोर’ दाबू नका. रिस्टोर केल्यावर एक पान नाही, सगळी साइट त्या वेळेला परत जाते, म्हणजे मधल्या काळात बाकीच्या चार गटांनी लिहिलेलंही मागं जातं. म्हणून आत्ताच्या साइटवरचा नवा मजकूर आधी एखाद्या गूगल डॉकमध्ये कॉपी करून ठेवा, मग रिस्टोर करा आणि तो मजकूर परत चिकटवा. काही राहून गेलंच, तर रिस्टोरच्या आधीची आवृत्तीसुद्धा त्याच यादीत असते. हे सगळं कच्च्या प्रतीत होतं. लोकांना दिसायला शेवटी ‘पब्लिश’ दाबावंच लागतं.

आता हे झालं कशामुळं ते पाहू. आजच्या गूगल साइट्समध्ये पानागणिक परवानगी देता येत नाही. एडिटर म्हणजे सगळ्या साइटचा एडिटर. धान-शेतीच्या गटातला मुलगा पाळीचं पान उडवू शकतो, साइटचं नाव बदलू शकतो, मेनू उलटापालटा करू शकतो. बहुतेक वेळा त्यात खोडसाळपणा नसतो. पानांच्या यादीत चुकीच्या ठिकाणी क्लिक होतो, इतकंच. त्यामुळं कोणी केलं याचा तपास करत बसू नका, मांडणीच बदला.

लिहिण्याचं मोबाईलवर जमत नाही, यात तुमचं किंवा मुलांचं काही चुकलेलं नाही. साइट्सचा एडिटर संगणकाच्या ब्राउझरसाठी बनवला आहे. क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’वर खूण केली की फोनवर कधीमधी उघडतो, पण पाच इंची पडद्यावर बोटानं चौकटी ओढायला गेलं की असलेलं पानही विस्कटतं. त्या नादी लागू नका.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: साइट तुमच्या एकटीच्या हातात ठेवा आणि मुलांना लिहू द्या गूगल डॉक्समध्ये. प्रत्येक गटाचा एक डॉक. गूगल डॉक्सचं अ‍ॅप साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं, त्यात टिप्पण्या करता येतात आणि कोणी काय लिहिलं याचा हिशेब राहतो. एकमेकांचं वाचून सुचवण्याचं काम तिथं सहज होतं. वर्गात मुलांनी मिळून लिहायचं म्हणजे मुख्यतः तेच काम असतं!

कृती अशी. ड्राइव्हमध्ये ‘मामा तलाव’ नावाचा फोल्डर काढा. त्यात पाच डॉक: तलाव कोणी बांधला, पाळ आणि सांडवा, पाण्याचं वाटप व धान, मासेमारी, पक्षी. प्रत्येक डॉकमध्ये गटातल्या मुलांइतकी उपशीर्षकं तुम्हीच आधी टाकून ठेवा आणि एकेका मुलाला एकेक नेमून द्या. एकाच परिच्छेदात तिघं एकदम टाइप करायला लागले की वाक्यं एकमेकांत घुसतात. आपापल्या उपशीर्षकाखाली लिहिलं तर हा त्रास होत नाही. मग ‘शेअर’मधून त्या गटाच्या खात्यांना ‘एडिटर’ करा आणि शेजारच्या गटाला ‘कमेंटर’. कमेंटरला मजकूर खोडता येत नाही, फक्त सुचवता येतं.

एक अडचण येणारच: गटात फोन एक आणि हात पाच. मग व्हर्जन हिस्टरीत सगळं एकाच नावावर दिसतं. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येकानं आपल्या परिच्छेदाच्या शेवटी ठरलेलं अक्षर टाकायचं: क, ख, ग. कोणतं अक्षर कोणाचं ते तुमच्या वहीत. गुण देताना तेवढं पुरतं, आणि मुलांची नावं साइटवर जात नाहीत.

तुमच्या टिप्पण्यांबद्दलही थोडं. समजा मुलांनी लिहिलं, ‘तलाव खूप जुना आहे. तो इंग्रजांनी बांधला.’ ते खोडून तुम्ही बरोबर वाक्य लिहिलंत तर काम लवकर होईल, पण त्या डॉकचा उपयोग संपला. वाक्य निवडा, ‘कमेंट’ दाबा आणि विचारा: ‘हे कोणी सांगितलं? हे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं का? १९५१ साली मालगुजारी गेल्यावर तलाव कोणाच्या ताब्यात आला?’ मुलं विचारून येतात, उत्तर लिहितात आणि मग टिप्पणी ‘रिझॉल्व्ह’ करायची. प्रत्येक डॉकवर अशा तीन-चार टिप्पण्या पुरेत. वीस टाकल्या तर मुलं फक्त रिझॉल्व्हचं बटण दाबत सुटतात.

शेवटी साइटवर पाच पानं काढा. प्रत्येक पानावर उजवीकडच्या ‘इन्सर्ट’मधून ‘ड्राइव्ह’ निवडा आणि त्या गटाचा डॉक बसवा. डॉक चौकटीत दिसतो. खालचा ठिपका ओढून चौकट पुरेशी उंच करा, नाहीतर फोनवर वाचणाऱ्याचं बोट चौकटीतच अडकतं आणि पान पुढं सरकत नाही. मुलं डॉकमध्ये जे बदलतील ते साइटवर आपोआप येतं, त्यासाठी पुन्हा पब्लिश करावं लागत नाही. पानाची रचना, शीर्षक किंवा साइटवर थेट टाकलेला फोटो बदलला तरच पब्लिश. हा फरक मुलांना सुरुवातीलाच सांगा. नाहीतर ‘मॅडम, मी लिहिलं पण दिसत नाही’ आणि ‘मॅडम, मी अजून तपासलं नव्हतं तरी दिसतंय’ अशा दोन्ही तक्रारी येतील. मजकूर पक्का झाल्याशिवाय लोकांना दिसू नये असं वाटत असेल, तर काम पुरं झाल्यावरच डॉक बसवा.

प्रश्न: साइट पब्लिश केली, लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. पान उघडतं, शीर्षक दिसतं, पण मजकुराच्या जागी परवानगी मागणारी चौकट येते. माझ्या फोनवर मात्र सगळं नीट दिसतं. ग्रामसभेत दाखवायचं होतं, फजिती झाली.
— मुख्याध्यापक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर: या कामात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. साइटची परवानगी वेगळी आणि तिच्यात बसवलेल्या फाइलची वेगळी. साइट सगळ्यांसाठी खुली केली म्हणून आतला डॉक खुला होत नाही. तुमच्या फोनवर दिसतं, कारण त्यात तुमचं खातं चालू आहे आणि डॉक तुमचाच आहे.

प्रत्येक डॉक उघडा, ‘शेअर’, खाली ‘जनरल अ‍ॅक्सेस’. तिथं ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल ते बदलून ‘एनिवन विथ द लिंक’ करा आणि शेजारी ‘व्ह्यूअर’ आहे ना ते दोनदा बघा. घाईत तिथं ‘एडिटर’ राहिलं तर ग्रुपवरची लिंक ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या मुलांचं लिखाण बदलू शकतो. मुलांना दिलेली एडिटरची परवानगी वर नावानिशी तशीच राहते, ती या बदलानं जात नाही. बसवलेले फॉर्म, शीट, ड्राइव्हमधले व्हिडिओ, सगळ्यांना हाच नियम. साइटवर संगणकातून थेट चढवलेल्या फोटोंना मात्र ही भानगड नाही.

दाखवण्याआधी तपासायचं असेल तर क्रोममध्ये ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडून तिथं लिंक टाका. त्या खिडकीत तुमचं खातं नसतं, त्यामुळं गावकऱ्यांना जे दिसेल तेच तुम्हाला दिसतं. आणि ग्रामसभेला जाताना सगळी पानं आदल्या दिवशीच लॅपटॉपवर पीडीएफ करून ठेवा. ऐन वेळी सभागृहात रेंज नसली तर साइट काय कामाची?

प्रश्न: माह्यं पोरगं सातवीत हाये. मास्तर म्हणतेत का त्याले जीमेल लागते, वेबसाइटवर लिवाचं हाये. घरी एकच मोबाईल, तो माह्या नावाचा. याच्यातून माहा नंबर कोणाले दिसन का? पोराचा फोटोबी लावतो म्हणतेत. लावू द्याव का नाई?
— एक पालक, ता. पातूर, जि. अकोला

उत्तर: भाऊ, नंबर साइटवर दिसत नाही. पण तुमचं खातं डॉकमध्ये जोडलं, तर त्या डॉकवर काम करणाऱ्यांना तुमचा ईमेल पत्ता, खात्यावरचं नाव आणि तिथं लावलेला फोटो दिसू शकतो. तेवढं चालत असेल तर तुमच्याच खात्यावरून लिहू द्या.

सातवीतलं पोरगं बहुधा बारा वर्षांचं. आपल्याकडे गूगलचं स्वतःचं खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी पालकांनी गूगलच्याच ‘फॅमिली लिंक’ अ‍ॅपमधून काढून द्यायचं असतं. जन्मसाल खोटं टाकून खातं काढू नका, आणि शाळेनं काढून दिलं तरी ‘कोणतं साल टाकलं?’ हे विचारा. जीमेल नाही म्हणून पोराचं काम अडायला नको. त्यानं वहीत लिहावं, गटातल्या दुसऱ्यानं टाइप करावं.

फोटोबद्दल आमचं मत: चेहरा ओळखू येईल असा नको. पाठमोरा, हातांचा, वहीचा, तलावाचा चालतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. तेव्हा मास्तरांनी तुमची लेखी संमती मागितली तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, उलट मागितली नाही तर तुम्ही विचारा. पूर्ण नाव, हजेरी क्रमांक, आधार, जन्मतारीख, घरचा पत्ता यातलं काहीच साइटवर जाऊ देऊ नका.

आता शिक्षकांसाठी. एका बसण्यात सगळ्या वर्गाची खाती काढायला जाऊ नका. एकाच मोबाईल नंबरवर मोजकीच खाती निघतात, पुढं गूगल तो नंबर घेत नाही. शाळेचं स्वतःचं डोमेन (नेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता) असेल तर ‘गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन’ची फुकट आवृत्ती मिळू शकते. त्यात मुलांची खाती शाळाच काढते आणि शाळाच बंद करते. पण ते सांभाळायला एक माणूस लागतो. दोनशिक्षकी शाळेनं त्यात पडू नये.

प्रश्न: गावाच्या इतिहासाचा सगळा मजकूर जुन्या संगणकावर टाइप केलेला आहे. डॉकमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला होतो. फॉन्ट बदलूनही उपयोग नाही.
— ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर: मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असणार. त्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. तो फॉन्ट नसलेल्या जागी मजकूर गेला की आतलं उघडं पडतं. डॉक्समधला कुठलाही फॉन्ट लावा, फरक पडणार नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलावाच लागतो. बदलून देणारी फुकट साधनं नेटवर आहेत. मात्र तुमचा फॉन्ट नेमका कोणता ते वर्डमध्ये मजकूर निवडून आधी बघा, कारण कृतिदेवचं साधन श्रीलिपीला चालत नाही.

बदलल्यानंतर डोळ्यांखालून घालाच. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार हुकतो, ‘ऱ्या’ आणि ‘ळ’ बिघडतात, आकड्यांच्या जागी भलतंच येतं. लोणारवर लिहिलेल्या परिच्छेदात सरोवराला रामसर (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाल्याचं २०२० हे साल बिघडलं, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून आकडे मूळ कागदाशी ताडून बघा. हे काम मुलांच्या जोड्यांना द्या: एकानं कागद वाचायचा, दुसऱ्यानं पडदा. शुद्धलेखनाचा तासही होतो.

यापुढचं टाइपिंग फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या मराठीनं किंवा विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून करा. ते थेट युनिकोड असतं.

प्रश्न: आमच्याकडे नेट शाळेत नाही, गावाबाहेरच्या चढावर येतं. तरी मुलांना डॉक्सवर लिहायला लावू का?
— ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर: लावा, पण तयारी नेट असलेल्या ठिकाणी करा. चढावर गेल्यावर डॉक्स अ‍ॅपमध्ये डॉकच्या तीन ठिपक्यांतून ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ चालू करा. एकदा तो उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत आला का ते बघा. मग शाळेत नेटशिवाय लिहिता येतं आणि फोन रेंजमध्ये आला की मजकूर वर जातो. धोका एकच: दोन फोनवर एकच उतारा ऑफलाइन बदलला तर नंतर दोन्ही बदल एकात एक मिसळतात आणि वाक्याचा भुगा होतो. म्हणून ऑफलाइन काम करताना एका डॉकला एकच फोन.

फोटो वर चढवायची घाई नको. फोनचा एकेक फोटो तीन-चार एमबीचा असतो, अशक्त रेंजवर तोच अडून बसतो. ज्या दिवशी तालुक्याला जाल त्या दिवशी एकगठ्ठा टाका. व्हिडिओ तर विसराच.

प्रश्न: साइटची लिंक ग्रुपवर टाकली की टक्क्यांच्या खुणांची चार ओळींची माळ होते. लोक ती बघूनच उघडत नाहीत.
— ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर: पानाचं नाव मराठीत आहे, तेच पत्त्यात गेलंय. उजवीकडे ‘पेजेस’मध्ये त्या पानाचे तीन ठिपके, ‘प्रॉपर्टीज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, आणि ‘कस्टम पाथ’मध्ये रोमन लिपीत छोटा शब्द टाका. मेनूत नाव मराठीच दिसत राहील. पुन्हा पब्लिश करा. आधी वाटलेल्या लिंका चालणार नाहीत, तेव्हा हे काम लिंक वाटण्याआधीच झालेलं बरं.

प्रश्न: माझी बदली होणार आहे. चार वर्षांचं काम माझ्या वैयक्तिक जीमेलवर आहे. ते शाळेला कसं देऊ? आणि नव्या शाळेत गूगल सोडून दुसरं काही वापरू का?
— शिक्षक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर: साइट ज्या खात्यात निघाली त्या खात्याची असते आणि तिच्यात बसवलेल्या फाइलीही. उद्या तुम्ही ड्राइव्ह साफ करताना फोल्डर उडवलात तर साइटवर रिकाम्या चौकटी उरतील.

शाळेच्या नावानं एक जीमेल काढा. जन्मतारीख विचारली की शाळेची स्थापना तारीख टाकू नका. शाळा दहा वर्षांपूर्वीची असेल तर गूगलच्या लेखी खातेदार दहा वर्षांचा ठरतो आणि खातं बंद पडू शकतं. मुख्याध्यापकांची तारीख आणि नंबर टाका. मग त्या खात्याला साइटवर आणि सगळ्या डॉकवर एडिटर करा. त्या खात्यातून प्रत्येक डॉकची ‘मेक अ कॉपी’ करा, साइटचीही प्रत काढा आणि प्रतीतल्या पानांवर नव्या डॉकच्या चौकटी बसवा. जुन्या चौकटी तशाच ठेवल्या तर त्या तुमच्याच फाइलींकडे बघत राहतील. प्रतीला नवा पत्ता मिळतो. जुन्या साइटच्या पहिल्या पानावर तो ठळक लिहून ठेवा आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत जुनी बंद करू नका. टिप्पण्यांचा इतिहास जपायचा असेल तर कॉपी करताना येणाऱ्या खिडकीत टिप्पण्यांसमोर खूण करायला विसरू नका.

पासवर्ड शाळेच्या कार्यभार हस्तांतराच्या यादीत लिहून द्या, बाकीच्या दप्तरासारखा. दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर असं वैयक्तिक प्रकारचं खातं गूगल हटवू शकतं. त्यामुळं वर्षातून एकदा तरी कोणीतरी लॉगिन केलं पाहिजे.

दुसरं काही वापरायचं तर विक्स आहे, वर्डप्रेस डॉट कॉम आहे. दिसायला दोन्ही अधिक देखणी आणि वर्डप्रेसवर लेखकागणिक अधिकारही वाटता येतात. पण दोघांच्या फुकट आवृत्तीत जाहिराती येतात: विक्स स्वतःची जाहिरात लावतं आणि वर्डप्रेसवर वर्गाच्या साइटवर कशाची जाहिरात झळकेल ते तुमच्या हातात नसतं. फक्त त्यासाठी आम्ही शाळांना साइट्सच सुचवतो. सहावी-सातवीच्या वर्गाला साइटची गरज आहे का, हेही एकदा बघा. मुलांनी मिळून लिहायचं आणि सरपंचांना वाचून दाखवायचं एवढंच असेल, तर एक डॉक आणि त्याची छापील प्रत पुरते.